तेल पाजलेली चासी

दर ऑक्टोबरात आमच्या बर्फाच्या मुलखात ट्रकांना तेल पाजतात. इंजिनातून काढलेलं जुनं काळं तेल फवारणीच्या पंपात भरायचं, ट्रकखाली उताणं पडायचं आणि चासीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, सांध्यासांध्यात ते मारायचं. मग ट्रक कच्च्या रस्त्यावर चार मैल पळवायचा, म्हणजे धूळ त्या तेलावर बसून जाड साय धरते. हिवाळाभर बर्फ वितळवायला रस्त्यांवर ओततात ते मीठ मग लोखंडापर्यंत पोचत नाही. एखाद्याचा एकोणीस वर्षांचा पिकअप अजून धडधाकट दिसला की लोक विचारतात, तेल कोण पाजतं?

आमच्याकडे पप्पा पाजतात. आमचा पिकअप त्यांनी चौथ्या मालकाकडून घेतला होता. त्याचा पाण्याचा पंप बदलला, पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट बदलले, एक्झॉस्टचा तुटलेला बोल्ट तीन दिवस झगडून काढला. कुठला आवाज कशाचा, हे त्यांना घरात बसून कळतं. ज्याला आवाज नसतो, ते मात्र त्यांना पटत नाही.

गुरुवारी मी बॉनेट उघडलं, तेव्हा ब्रेक ऑइल कमी दिसलं. मी ते भरलं आणि डबीवर पांढऱ्या पट्टीची खूण केली. शनिवारी पातळी खुणेच्या दोन बोटं खाली होती. पप्पा म्हणाले, ब्रेकचे पॅड झिजले की पातळी उतरतेच. हे खरंच होतं, पण दोन दिवसांत पॅड इतके झिजत नाहीत. मी हट्ट धरला तेव्हा ते बॅटरी घेऊन खाली शिरले आणि लगेच बाहेर आले.

"सगळं ओलंच आहे," ते म्हणाले. "असणारच. मागच्या आठवड्यात मीच तेल पाजलंय."

"त्या ओल्यात काय काय आहे, ते कसं कळणार?"

"आयली, हा ट्रक आहे. तुझ्या पाण्याच्या बाटल्या नाहीत."

मी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत विहिरींचं पाणी तपासते. त्यावरून ते मला नेहमीच चिडवतात. मी त्याच वेळी किल्ली काढून घ्यायला हवी होती. त्याऐवजी मी मम्माचा केक भाजायचा ट्रे मागून घेतला, ड्रायव्हरच्या सीटखाली येईल असा जमिनीवर सरकवला आणि शेजारच्या माझ्या घरी गेले.

रविवारी सकाळी आले तर ट्रक नव्हता. पप्पा-मम्मा दोघं चर्चच्या सौनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरासाठी, बर्चची लाकडं घेऊन खाली तळ्याकाठी निघाले होते. ट्रे तिथेच होता आणि त्यात चमचाभर काळं साचलं होतं. मी ड्रॉपरने थोडं उचलून पाण्याच्या ग्लासात सोडलं. इंजिनाचं तेल वर तरंगत राहिलं. त्याच्याखालून मात्र काहीतरी साखरेच्या पाकासारखं, बारीक धाग्यांनी तळाकडे गेलं आणि पाण्यात विरलं. तेल पाण्यात विरत नाही. ब्रेक ऑइल विरतं, कारण ते नावालाच ऑइल असतं.

मी पप्पांना फोन लावला. तो स्वयंपाकघरात, कॉफीच्या भांड्याशेजारी वाजला. मी माझी गाडी काढली आणि त्यांच्या मागे सुटले.

गावाबाहेर पडल्यावर रस्ता दीड मैल सरळ उतरतो. तळाशी गाड्यांना ‘थांबा’ सांगणारी पाटी आहे आणि पाटीसमोर चर्च. त्या रविवारी तिथे पेस्टींची, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भाजक्या करंज्यांची, विक्री होती, म्हणजे रांग दारातून रस्त्यावर आलेली असणार. लाकडांसकट ट्रकचं वजन साडेतीन टन, वेग तासाला पस्तीस-चाळीस मैल. नको असताना डोक्यात गुणाकार चालू होता.

उताराच्या माथ्यावर मला ते दिसले. मी हॉर्न दाबून धरला. पप्पांनी खिडकीतून हात हलवला. मी गमतीने हॉर्न वाजवतेय असं त्यांना वाटलं असावं.

मग त्यांचे लाल दिवे लागले. ट्रक हळू झाला नाही. दिवे विझले, लागले, विझले, लागले. पप्पा पेडल पंप करत होते. पुढच्या चाकांची ब्रेकची नळी फुटली होती. मागच्या चाकांचे ब्रेक वेगळ्या नळीवर असतात, ते थोडे धरत होते, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. इंजिन ओरडलं, म्हणजे त्यांनी गिअर खाली टाकला होता. मम्माचं डोकं मागच्या काचेतून दिसत होतं, अगदी स्थिर. खाली रांगेतले रंगीत कोट मला वेगवेगळे दिसायला लागले.

उजवीकडे लाकूडतोड्यांचा जुना रस्ता चढावर जातो. ट्रक तिकडे वळला. दोन चाकं उचलली गेली असं मला वाटलं. अर्धी लाकडं रस्त्यावर सांडली. ट्रक खडीवर चढत गेला, मंदावला, क्षणभर थांबला आणि उलटा, मागे यायला लागला.

मी गाडीतून उडी मारली. गिअरबॉक्समधून कट-कट-कट असा आवाज येत होता. पप्पांनी पार्किंगचा गिअर टाकला होता, पण चाक फिरत असताना त्याचा खिळा बसत नव्हता. मी सांडलेलं एक जाड लाकूड उचललं आणि मागच्या चाकाखाली ढकललं. चाकाने ते हातभर फरपटत आणलं. माझी बोटं आणि रबर यांत जेमतेम वीतभर अंतर होतं. मग लाकूड खडीत रुतलं आणि आत खट्ट करून गिअरचा खिळा बसला.

मी दरवाजा उघडला. मम्मा दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसली होती. पप्पांचा पाय पेडलवर होता, पेडल पार तळाला टेकलेलं.

"पप्पा, पाय काढा. मी लाकूड लावलंय."

"लागलंय?"

"लागलंय."

"दोन्ही चाकांना?"

मी म्हटलं, एकाला.

"मग दुसऱ्याला लाव," ते म्हणाले. "हिल्मा, तू उतर आधी. हळू. दार आपटू नकोस."

मम्मा उतरली. मी दुसरं लाकूड लावलं, मग तिसरंही. पप्पांना तसं ओरडून सांगितलं. पाय मात्र त्यांनी काढला नाही.