अडीच तास पुढे गेलेला फोन

फोनच्या पडद्यावर आठ वाजून अडतीस मिनिटं झाली होती आणि भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून आठ. फरक अडीच तासांचा, मिनिटभरही इकडेतिकडे नाही. श्रावस्तीने फोन तळहातावर धरून दोनदा पडताळून पाहिलं. बिघडलेलं घड्याळ इतकं नेमकं बिघडत नाही, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात सतरंजीवरून कुणीतरी म्हणालं, "माझाही फोन भारताची वेळ दाखवतोय," आणि सगळी खोली हरखून गेली.

बहारीनच्या जुफैर भागातल्या राजनदादांच्या फ्लॅटवर दर शुक्रवारी संध्याकाळी हा सोहळा चाले. वीस-पंचवीस मराठी माणसं दिवाणखान्यात दाटीवाटीने बसत. आत येताना ज्याच्याकडे मोबाईल असेल त्याने तो दारातल्या वेताच्या टोपलीत ठेवायचा, कारण मोबाईलच्या लहरी दादांच्या लहरींना आडव्या येतात. दादांच्या पत्नी हेमावहिनी ती टोपली आत नेत. मग तासभर सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं. मध्येच दादा उठून पंधरा मिनिटं आतल्या खोलीत 'मौनात' जात आणि बाहेर आले की एकेकाकडे बघत बोलू लागत. कुणाच्या साहेबाचं नाव, कुणाच्या व्हिशाची तारीख, कुणाचा दातांचा डॉक्टर. सगळं बरोबर. शेवटी टोपली परत येई आणि फोन मायदेशाची वेळ दाखवू लागलेले असत.

"शरीर बहारीनमध्ये, प्राण तिकडे," दादा हसून सांगत. "यंत्राला जे समजलं ते तुम्हाला समजत नाही. मी बुवा नाही हं. मी रिसीव्हर आहे. तुम्ही सगळे ट्रान्समीटर. मी फक्त ट्यूनिंग करतो."

श्रावस्तीचा नवरा रुपेश या ट्यूनिंगवर लुब्ध झाला होता. तसा तो बुवाबाजीच्या वाऱ्याला उभा राहणारा माणूस नव्हता. त्याचे वडील रामजी यांनी नागपूरच्या वस्तीत अंगात आणणाऱ्या एका बाबाला भरचौकात पिटाळलं होतं, आणि हमद टाउनच्या घरात, बहारीनला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात, रुपेशने स्वतः बावीस प्रतिज्ञांची तसबीर टांगली होती. दादांनी नारळ मागितला असता तर तो जिन्यातूनच परतला असता. पण दादांच्या कपाळावर भस्म नव्हतं, अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि तोंडी फ्रीक्वेन्सी, सिग्नल, नॉइज. कारखान्यात दिवसभर मीटर तपासणाऱ्या इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनला ही भाषा घरची वाटली. देवाला नकार देऊन आलेला माणूस फ्रीक्वेन्सीपुढे चप्पल काढून बसला.

नोव्हेंबर १९९८चा तो पहिला शुक्रवार. श्रावस्ती पहिल्यांदाच आली होती. फोन परत मिळण्याच्या अर्धा तास आधी दादांनी रुपेशवर नजर रोखली होती.

"तीस तारीख. तुमच्या घरातून कुणीतरी निघतंय. नागपूर दिसतंय मला. परतीचं तिकीट दिसत नाही."

सगळ्यांच्या माना श्रावस्तीकडे वळल्या. ते खरं होतं.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती लग्नानंतर बहारीनला आली त्याला सहा वर्षं झाली होती. तिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिशावर टांगलेला, नोकरीची परवानगी नाही. उन्हाळ्यात माहेरी गेली असताना तिने नागपूरच्या एका संशोधन संस्थेची परीक्षा दिली, कुणालाही न सांगता. सप्टेंबरात ईमेल आलं: विदर्भातल्या विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर तीन वर्षांचं संशोधन, तीस नोव्हेंबरला प्रत्यक्ष हजर व्हायचं, न आल्यास जागा दुसऱ्याला. तिने 'येते' असं उत्तर पाठवलं आणि रुपेशला आज सांगू, उद्या सांगू करत दोन महिने काढले. आता ते तिच्याआधी दादांनी सांगितलं होतं.

परतताना रुपेश गाडी चालवत होता. हमद टाउनचे गोल चौक एकामागून एक वळून गेले. शेवटच्या चौकात त्याने विचारलं, "खरं आहे का?" ती म्हणाली, "त्यांना कसं कळणार?" हे उत्तर नव्हतं हे दोघांनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे रुपेशचा फोन कॉम्प्युटरला जोडायचा दिवस. घरी कॉम्प्युटर आल्यापासून हे काम तिचं होतं. रुपेशच्या पाळ्या, साहेबांचे नंबर, व्हिसा संपायच्या तारखा असं सगळं ती कॉम्प्युटरमध्ये टाईप करायची, केबलने फोन जोडायची आणि एक बटण दाबायची. कॉम्प्युटरमधलं फोनमध्ये जाई, फोनमधलं कॉम्प्युटरमध्ये येई, दोन्हींकडच्या याद्या सारख्या होत. रुपेशला यातलं काही ठाऊक नव्हतं. फोन त्याच्यासाठी उचलायचा आणि ठेवायचा. पाळ्यांचा कागद ती छापून फ्रिजवर लावायची, तो तेवढाच वाचायचा.

तिने बटण दाबलं. याद्या जुळल्या, आणि तिच्या डोळ्यांदेखत फोनचं घड्याळ अडीच तास मागे येऊन बहारीनच्या वेळेवर थांबलं.

श्रावस्तीने ते भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. जोडणी पूर्ण झाली की हा प्रोग्राम कॉम्प्युटरची वेळ फोनला देतो, हे तिला माहीत होतं. दर शनिवारी ते घडत होतं, फक्त बघण्यासारखं कधी वाटलं नव्हतं. मग काल फोनला भारताची वेळ कुणी दिली? भारताची वेळ लावलेल्या एखाद्या कॉम्प्युटरने. राजनदादा राजधानी मनामातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कामाला होते. मंडळींनी फोन त्यांच्याच ओळखीने घेतलेले, त्यामुळे सगळ्यांचं मॉडेल एक, आणि केबलही एकच पुरणारी.

तिने फोनचं कॅलेंडर उघडलं. तीस नोव्हेंबर. इंग्रजी अक्षरांत तिनेच लिहिलेलं होतं: नागपूर, हजर होणे. घरातली प्रत्येक तारीख जिथे जायची तिथे सवयीने हीही गेली होती. तिचं गुपित दोन महिने नवऱ्याच्याच खिशात फिरत होतं.

चमत्काराची गाठ सुटली, पण तिच्या गळ्याभोवतीची आवळली. दादा फोन वाचतात असं रुपेशला सांगायचं, तर फोनमध्ये ते होतं हे सांगावं लागणार. दादा खोटे हे सिद्ध करायला आधी ते खरं बोलले हे कबूल करायचं. ती गप्प राहिली.

पुढच्या शुक्रवारी रुपेशने खिशातून तिचा पासपोर्ट काढून दादांच्या हातात दिला. दादांनी तो लाल कापडात गुंडाळला आणि तीस तारीख उलटेपर्यंत कपाटात राहील असं सांगितलं. त्या कपाटात म्हणे नॉइज पोचत नाही. घरी आल्यावर तिने विचारलं तेव्हा रुपेश चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला की तो जबरदस्ती करत नाहीये, फक्त वाईट वेळ टळू दे. नागपूरहून सासूबाई चंपाबाईंचा फोन आला, त्यांनाही त्याने एवढंच सांगितलं की श्रावस्तीची तब्येत जरा नरम आहे.

ती सहा वर्षं ज्या घरात राहिली होती त्याला दोन दारं होती, पण देशाबाहेर नेणारी किल्ली, तिचा पासपोर्ट, जुफैरमध्ये दादांच्या कपाटात होती. ती स्वयंपाक करायची, पाळ्यांचा कागद छापायची, दिवस मोजायची. सतरा राहिले, मग पंधरा, मग अकरा.

एकोणीस तारखेच्या दुपारी तिने एक प्रयोग मांडला. कॅलेंडरमध्ये चोवीस तारखेला साडेअकराच्या पुढे लिहिलं: काशीबाई, ऑपरेशन. अशी बाई त्यांच्या ओळखीत नव्हती. मग एका कागदावर चार ओळी लिहून तो पाकिटात बंद केला, फोन जोडला, बटण दाबलं.

शुक्रवारी ती दादांच्या दारातच कस्तुरीताईंना गाठून उभी राहिली. कस्तुरीताई मुंबईच्या, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि दादांच्या पहिल्या भक्तांपैकी. पाकीट त्यांच्या पर्समध्ये ठेवायला देताना ती म्हणाली, "मी सांगेन तेव्हाच उघडा." कस्तुरीताईंना वाटलं नवस असेल, त्यांनी डोळे मिटून मान डोलावली.

तास झाला, मौन झालं. दादा बाहेर आले, बसले, आणि रुपेशकडे बघून त्यांनी कपाळावर आठी आणली.

"एक बाई दिसतेय. वय झालेलं. काशी... काशीबाई. चोवीस तारीख, साडेअकरा. कापाकापी आहे. पोट असावं. टळेल, पण तीन शुक्रवार बसावं लागेल."

चोवीस तारीख चार दिवसांवर होती. हे गणित कुणी केलं नाही. रुपेश मात्र कासावीस झाला. आईच्या माहेरी काशी नावाची एक मावशी होती, तीच असणार, असं तो शेजारच्याला सांगू लागला. शेजाऱ्याने ती कुठे असते विचारलं. मावशी वारून नऊ वर्षं झाली होती, हे रुपेशला सांगावं लागलं. "म्हणजे आत्म्याचं असेल," शेजारी समजूतदारपणे म्हणाला.

"कस्तुरीताई, पाकीट उघडा," श्रावस्ती म्हणाली. "मोठ्याने वाचा."

कस्तुरीताईंनी चष्मा लावला. वाचता वाचता त्यांचा आवाज उतरत गेला.

"आज राजनदादा काशीबाई नावाच्या बाईचं चोवीस तारखेचं ऑपरेशन सांगतील. अशी बाई कुठेही नाही. तिला मी काल दुपारी फोनच्या कॅलेंडरमध्ये जन्माला घातलं आहे."

दादा हसले. विद्या ही परीक्षा घ्यायची वस्तू नव्हे, संशयाने सिग्नल फाटतो, वगैरे त्यांनी सुरू केलं. श्रावस्तीने त्यांना बोलू दिलं. मग ती टोपली घेऊन दारात उभ्या असलेल्या हेमावहिनींकडे वळली.

"वहिनी, आतल्या कॉम्प्युटरमध्ये आत्ता किती वाजलेत?"

हेमावहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. पुष्कळ वर्षं सवयीने आधी तिकडेच बघत आलेल्या बाईचं ते बघणं होतं. मग त्या टोपलीकडे बघत म्हणाल्या, "पुण्याचे. आणल्यापासून वेळ बदललीच नाही." आणि ड्रेसच्या खिशातून वेटोळं केलेली केबल काढून त्यांनी टोपलीत, फोनांच्या वर ठेवली.

श्रावस्तीने कुणाला शिकवतो आहोत असा सूर न लावता सगळं सांगितलं: केबल कुठे लागते, बटण दाबल्यावर काय कुठे जातं, साहेबाचं नाव, डॉक्टरची वेळ आणि व्हिशाची तारीख आतल्या पडद्यावर कशी उमटते, आणि जाता जाता घड्याळ कसं पुण्याच्या वेळेवर सरकतं. मायदेशाची ओढ फोनला नव्हती, ती आपल्याला होती. दादांना घड्याळाचं आधी कळलंही नसेल. लोकांनी चमत्कार म्हटलं, त्यांनी ठेवून घेतला.

"आपण इथे सगळे शिकलेले आहोत," ती म्हणाली. "इंजिनियर, बँकेतले. फ्रीक्वेन्सी हा शब्द ऐकला की शास्त्र आलं असं वाटतं. शास्त्र शब्दात नसतं. कुणी काही बरोबर सांगितलं तर एकच विचारायचं, याला हे कळलं कसं? फोन टोपलीत का, हे कुणीतरी पहिल्याच शुक्रवारी विचारलं असतं तर ही सतरंजी तेव्हाच गुंडाळली गेली असती. मीही गेले दोन आठवडे माहीत असून गप्प बसले. तोही माझा दोषच."

दोघातिघांनी उठून टोपलीतून आपापले फोन उचलले. कस्तुरीताई तिथल्या तिथे आपलं कॅलेंडर उघडून बघत होत्या आणि त्यांचा चेहरा लाल होत चालला होता.

राजनदादांनी शेवटचा डाव टाकला. आवाज अजून गोडच होता.

"काशीबाई खोटी, मान्य. मग बाई, ती तीस तारीख? नागपूर? तेही खोटंच का? सांगा की इथे सगळ्यांना."

रुपेशने तिच्याकडे पाहिलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला होता. त्याने तिच्यासाठी वाट काढली, आणि ती मनापासून काढली.

"तेही तूच टाकलं असशील ना, टेस्ट म्हणून? काहून गप्प आहेस? हो म्हण की."

हो म्हणायला एक अक्षर लागलं असतं. पासपोर्ट लगेच हातात आला असता, मंडळींनी पाठ थोपटली असती, रुपेश परतताना गाडीत हसून बोलला असता, आणि एक डिसेंबरला तिने नव्या महिन्याचा पाळ्यांचा कागद छापला असता. ती हे सगळं स्पष्ट बघू शकत होती. पण आत्ताच वीस माणसांना तिने सांगितलं होतं की खरं काय आहे ते तपासून बघा.

"नाही," ती म्हणाली. "ते खरं आहे. दादांनी ते चोरून वाचलं, म्हणून ते खोटं होत नाही. मी तुम्हाला सप्टेंबरातच सांगायला हवं होतं, ते आज या लोकांसमोर सांगावं लागतंय, याचं मला वाईट वाटतं. जागा संशोधनाची आहे, तीन वर्षांची. तुम्ही बरोबर आलात तर आनंद आहे, इथे थांबलात तर पत्र लिहीन. वहिनी, कपाटातून माझा पासपोर्ट आणा. तीस तारखेला मी नागपूरला हजर होणार आहे."