डाव्या काठाचं पाणी

तिचं नाव हजेरीपटावर काहीही असो, घरात आणि कॉलेजात सगळे तिला भिंगरीच म्हणत. एका जागी स्वस्थ बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. पर्यावरण जीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एकेक पाणवठा अभ्यासाला मिळतो. कुणाला तळं मिळालं, कुणाला नदी. भिंगरीच्या वाट्याला आला शहराच्या पोटातून वाहणारा ओढा. लोक त्याला ओढा म्हणायचे ते निव्वळ सवयीने. एरवी तो गटारच होता.

काम ऐकायला सोपं होतं. ओढ्याच्या ठरलेल्या जागी जाळी धरायची, जाळीच्या पुढ्यातले दगडगोटे पायाने ढवळायचे आणि प्रवाहाबरोबर जाळीत जे येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये रिकामं करायचं. बाटलीभर पाणी तपासलं तर त्या घडीची तब्येत कळते. पण तळाशी महिनोन्महिने राहणारे किडे पाण्याची जुनी दुखणीही सांगतात. गाळातले लाल किडे घाणीतही सुखाने नांदतात. मेफ्लाय नावाच्या पंखवाल्या किड्याची पाण्यात वाढणारी पिल्लं मात्र बहुतेक नाजूक प्रकृतीची. पाणी बिघडलं की सगळ्यात आधी तीच गाशा गुंडाळतात.

सगळ्यात खालची जागा बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यामागे होती. तिथे काही मिळेल अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. भिंगरीचा जोडीदार लंबू तर काठावरचं सामान आवरायलाही लागला होता.

"लंबू! अरे लंबू, इकडे ये!"

"साप आहे का?"

"सापाचं काय घेऊन बसलास! मेफ्लाय आहे, मेफ्लाय!"

ट्रेच्या कोपऱ्यात नखाएवढं चपटं पिल्लू दगडाला चिकटून बसलं होतं. मागे तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले, आणि ते कल्ले कसे थरथरत होते! भिंगरीला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. ज्या ओढ्याला सगळ्यांनी कधीच तिलांजली दिली होती, तो बरा होत होता! आणि ते सगळ्यात आधी कळलं होतं तिला! चिखलाच्या बुटांनिशी ती थेट प्रयोगशाळेत पोहोचली.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. त्या तिच्या मार्गदर्शक. बोलायला मोजक्या, पण त्यांच्या एका प्रश्नाने भल्याभल्यांची गाळण उडायची.

"मेफ्लायच आहे. जाळी कुठून कुठे नेलीस?"

"वरून खाली, मॅडम. आधी टेकडीजवळची जागा, शेवटी कारखान्यामागची."

"मधे धुतलीस?"

"झटकली."

"झटकणं म्हणजे धुणं नव्हे. टेकडीजवळ ही ढिगाने असतात. तुझ्या जाळीच्या शिवणीत बसून एखादं फुकट सफर करून आलं असेल तर?"

भिंगरीचा चेहरा खर्रकन उतरला. मॅडमनी मान वर केली आणि सूर जरा मऊ केला. "अगं, खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. माहीत नाही, एवढंच म्हणतेय. आता माहीत करून घे."

घरी मावशीने सगळं ऐकून घेतलं. भिंगरी शिकायला मावशीकडेच राहत होती. मावशी शिवणकाम करायची आणि तिच्या मशीनपेक्षा तिची जीभ वेगाने चालायची. "बरोबर बोलल्या तुझ्या मॅडम. धुवायला सांगितलेलं तू आयुष्यात कधी धुतलंयस? आण ती जाळी इकडे. आधी त्या शिवणी बघते." तिने जुनी शिवण उसवून अशी सपाट घातली की मुंगीलाही लपायला जागा उरली नाही.

दुसऱ्या खेपेला भिंगरीने काम उलटं केलं. सुरुवात सगळ्यात खालून, मग एकेक जागा वर. दर वेळी जाळी घासून धुतलेली. प्रत्येक जागी डावा काठ, मध्य आणि उजवा काठ, असे वेगवेगळे नमुने, तेही पुन्हा पुन्हा घेतलेले. बाटल्यांवर जागेचं नाव न घालता लंबूने नुसते खुणेचे आकडे घातले आणि कुठला आकडा कुठला, ते स्वतःपाशीच ठेवलं. "आपल्याला जे हवं असतं ते डोळ्यांना आधी दिसतं," मॅडम म्हणाल्या होत्या. "डोळ्यांना लाच मिळता कामा नये."

किडे ओळखायचं काम संपेपर्यंत भिंगरीला दम धरवेना. "एक तरी सांग ना! एक!"

"जीव गेला तरी नाही," लंबू म्हणाला. त्याला यात भलतीच मजा येत होती.

शेवटी आकडे उघडले. कारखान्यामागच्या बाटल्यांत मेफ्लाय होत्या! एक नाही, चांगल्या पुष्कळ! भिंगरीने लंबूच्या पाठीत असा धपाटा घातला की तो कळवळला. पण तिचं नाचणं मधेच थांबलं. ती पुन्हा टेबलावर वाकली.

"लंबू, या सगळ्या डाव्या काठाच्या आहेत."

"मग?"

"मधल्या बाटल्यांत एकही नाही. उजवीकडे तर लाल किड्यांखेरीज कुणी नाही. ओढा बरा होत असता तर त्या सगळीकडे नसत्या का पसरल्या?"

तिला जे मनापासून खरं असायला हवं होतं, ते तिच्याच हातांनी खोटं पडलं होतं. पण मागोमाग दुसरा प्रश्न उभा राहिला. मग डाव्या काठाला आहे तरी काय?

"बूट घाल," ती म्हणाली. "आणि थर्मामीटर घे."

मधलं पाणी कोमट होतं. डावीकडे सरकलं तसा पारा उतरू लागला. काठाच्या दगडी भिंतीपाशी तर बुटातूनही गारवा जाणवत होता. भिंगरीने बाही सरसावली आणि भिंतीच्या पायथ्याशी हात फिरवत निघाली. शेवाळ, दगड, पुन्हा शेवाळ... आणि एका फटीतून बोटांवर गार पाण्याची धार आली.

"काखेत कळसा आणि आम्ही घालतोय गावाला वळसा!" ती ओरडली. "अरे, इथून स्वच्छ पाणी येतंय!"

"नळाचा पाइप फुटला असेल," लंबू म्हणाला. मॅडमचं वारं आता त्यालाही लागलं होतं.

"शाब्बास. नळाचं असेल तर क्लोरीन सापडेल."

क्लोरीनची चाचणी केली. नळाच्या पाण्यात रंग चढला. फटीतल्या पाण्यात नावालाही नाही. म्हणजे पाणी जमिनीतून येत होतं. भिंतीआड एक जिवंत झरा होता आणि रंग, गाळ, कारखाना या सगळ्यांना पुरून उरला होता. लंबूने आपणहून तिला टाळी दिली.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पण पिल्लं तिथलीच आहेत की वरून वाहून येतात?"

या वेळी भिंगरीचा चेहरा उतरला नाही. उत्तराची तयारी ती करूनच आली होती. वरच्या अंगाला तिने प्रवाहात बारीक जाळी बांधून ठेवली. त्या जाळीत कचरा आला, पानं आली, मेफ्लाय मात्र आली नाही. इकडे झऱ्याजवळच्या दगडांखाली मात्र टाचणीच्या टोकाएवढ्या पिल्लांपासून पंखांच्या गाठी काळ्या पडून पंख फुटायच्या बेताला आलेल्या थोराडांपर्यंत सगळं कुटुंब एकत्र नांदत होतं. शेवटचा पुरावा म्हणून मावशीने आपल्या पडद्याच्या पातळ कापडाचा एक तंबू शिवला. तो झऱ्याच्या पाण्यावर उभा केला की खालून पंख फुटून निघणारे किडे आतच अडकणार.

"माझ्या चांगल्या पडद्याचं काय केलंस ते मला बघायचंय," म्हणत मावशीही आली. उन्हं कलली होती. तिला काठावर बसवून भिंगरी तंबूच्या आत डोकावली.

पाण्याच्या पृष्ठभागावर एक पिल्लू वर आलं, त्याची पाठ उकलली आणि राखाडी पंखांचा जीव अलगद उभा राहिला. मग दुसरा, मग तिसरा. बघता बघता कापड आतून भरून गेलं. एकाला तिने बोटावर घेऊन बाहेर आणलं, तर तो उडून मावशीच्या बाहीवर बसला. मावशी झटकणार तोच भिंगरीने तिचा हात धरला.

"हलू नकोस गं! बघ बघ, याला अजून एकदा कात टाकायची असते. पंख फुटल्यावर कात टाकणारे किडे जगात हे एवढेच!"

पण तो काही लगेच ऐकेना. चहाचा थर्मास रिकामा झाला, बोलणंही संपलं, तरी मावशीने हात हलवला नाही. अंधार पडायच्या बेताला राखाडी कवच फाटलं. आतून काचेसारख्या नितळ पंखांची मेफ्लाय निघाली आणि आपलं जुनं अंग बाहीवर सोडून उडाली. मावशीने ते रितं कवच डोळ्यांजवळ धरलं.

"पंखांनासुद्धा शिवण दिसत नाही कुठे," ती हळूच म्हणाली. "अगं, हे शिवलं तरी कुणी!"

अहवालात भिंगरीने स्पष्ट लिहिलं की ओढा बरा झालेला नाही. डाव्या काठाला एका झऱ्याने आपल्यापुरतं पाणी राखलं आहे. मॅडमनी तो दोनदा वाचला. भिंतीत असे आणखी किती झरे असतील, असं त्यांनी विचारलं, तेव्हा भिंगरी म्हणाली, "माहीत नाही, मॅडम," आणि इतकी हसली की मॅडमनाही हसू आवरेना. पुढच्या वर्षासाठी त्यांनी तिला संशोधनाला ठेवून घेतलं.

पहिल्याच सकाळी ती आणि लंबू पुलापासून भिंत चाचपत निघाले. मावशी डबा घेऊन मागून येत होती आणि काठावरून ओरडत होती, "अगं, त्या कोपऱ्यात बघ! तिथे शेवाळ हिरवंगार दिसतंय!"