चुकांचा रकाना

साळुंक्यांचा सगळ्यात भारी संघ कुठला, २००७ सालचा की २०१४ सालचा, यावर दर रविवारी वाद व्हायचा आणि दर रविवारी तो अर्धवट राहायचा. 'साळुंक्या' म्हणजे सिंगापूरच्या पासिर रिसमधल्या बायकांचा सॉफ्टबॉलचा संघ. त्या मैदानावर माणसांपेक्षा साळुंक्याच जास्त, म्हणून हे नाव. सकाळची मॅच आटोपली की सगळ्या जणी घामाने निथळत हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत बसायच्या आणि कॉफीचा पहिला घोट पोटात गेला की कुणीतरी काडी टाकायचंच. जुन्या म्हणायच्या, २००७ला अंजली पिचर होती, तिच्या चेंडूला बॅट लागली तर बातमी व्हायची. त्यावर नव्या म्हणायच्या, पण तेव्हा समोर होतं कोण? आमच्या इशिताने २०१४ला नऊ होमरन मारले, ते चांगल्या पिचर्ससमोर. अंजली कधीच पुण्याला परत गेली होती, पण तिची बाजू घेऊन भांडणाऱ्या तिघी-चौघी अजून होत्या.

प्रबोध या टेबलाच्या टोकाला बसायचा. एका बँकेत डेटाचं काम बघणाऱ्या टीमचा तो मॅनेजर. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आला, मरीन परेडला कॉन्डो घेतला. बायको मधुवंती आल्या वर्षीच साळुंक्यांत शिरली आणि यंदा, २०१६ला, तेरा वर्षांची जाईही सेकंड बेसला उभी राहायला लागली. प्रबोधचं मैदानावर जाणं जेमतेमच. कॉफीला मात्र तो हमखास असायचा.

"भावनेवर कशाला भांडता?" तो एका रविवारी म्हणाला. "पंधरा सीझन झालेत. सगळे आकडे काढू, एकदाचा निकाल लावू. आकडे खोटं बोलत नाहीत."

संघाच्या पंधराव्या वर्षाचं जेवण होणारच होतं. तिथेच निकाल लावायचा ठरला.

आकडे होते सुलेखाताईंकडे. मुळात संघच त्यांचा. जळगावच्या, कॉलेजात असताना विद्यापीठाकडून सॉफ्टबॉल खेळलेल्या. लग्न होऊन सिंगापूरला आल्या तेव्हा सोबत बॅट घेऊन आल्या, असं त्यांचे यजमान पद्माकरराव सांगायचे. २००२ला शेजारपाजारच्या नऊ बायका गोळा करून त्यांनी संघ उभा केला. तेव्हापासून शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या सगळ्यात धावपळीच्या जागेवर, त्याच खेळत होत्या आणि प्रत्येक मॅचचा हिशोब वहीत त्याच लिहीत होत्या. कुणी किती धावा केल्या, कुणी कितींना बाद केलं, कुणी सोपा चेंडू सोडला. पंधरा सीझन, पंधरा वह्या, एकच अक्षर.

पासिर रिसच्या एमआरटी मेट्रो स्टेशनवर त्यांनी त्या वह्या दोन कापडी पिशव्यांत घालून त्याच्या हातात दिल्या.

"सांभाळून ने हं," त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "आणि प्रबोध, चुकांचा रकाना सोडून दे. तो नको मोजूस."

"का हो ताई?"

"तो मोजण्यासारखा नाहीये."

गाडी आली आणि तो हो म्हणून चढला.

घरी सलग चार शनिवार बसून त्याने वह्या एक्सेलमध्ये चढवल्या. काम चोख केलं त्याने, त्यात शंका नाही. चुकांचा रकाना सोडायचा त्याचा विचार होता, पण डेटा अर्धवट ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. म्हटलं, टाइप तर करू. बेरीज आली तेव्हा तो खुर्चीत मागे रेलून हसला. इतर कुणाच्याही नावावर पंचवीसच्या वर चुका नव्हत्या. सुलेखाताईंच्या नावावर एकशे एकतीस.

अच्छा, म्हणून नको होतं होय मोजायला, तो मनात म्हणाला. त्याला त्यांचा राग नाही आला. उलट गंमत वाटली. एवढी खमकी बाई, पण आपलं उणं झाकायची इच्छा तिलाही सुटली नाही. आणि यावर एक झकास स्लाइड होईल, असंही त्याला वाटलं.

जेवण रविवारी दुपारी होतं, प्रबोधच्याच कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये. चाळीसेक माणसं जमली. खास या दिवसासाठी अंजली पुण्याहून आली होती. प्रबोधने लॅपटॉप जोडला, पडदा खाली केला आणि रंगात येऊन बोलायला सुरुवात केली. बोलायचा तो चांगलंच. २००७ आणि २०१४ची धावेगणिक तुलना करत त्याने सगळ्यांना अर्धा तास झुलवत ठेवलं आणि शेवटी २००७ला अगदी केसभर फरकाने जिंकवलं. जुन्यांनी टाळ्या पिटल्या, अंजलीला उभं केलं, इशितानेच तिला मिठी मारली. इथे थांबला असता तर लोकांनी वर्षभर त्याचं नाव काढलं असतं.

पण पुढे पंधरा वर्षांतला सर्वोत्तम संघ होता. एकेका जागेवर एकेक नाव पडद्यावर येत होतं. शॉर्टस्टॉपला सुलेखाताईंचा फोटो आला तेव्हा प्रबोध म्हणाला, "या जागेवर दुसरं कुणी खेळलंच नाही, त्यामुळे नाइलाज आहे." हशा झाला. सेकंड बेसला जाईचा फोटो आला. "सेकंड बेसला आजवर चार जणी खेळल्या. त्यांत अजून एकही चूक न केलेली एकच. मुलगी माझी आहे, पण आकडे माझे नाहीत." पुन्हा टाळ्या. जाई मैत्रिणींबरोबर मागे बसली होती. तिने मान खाली घातली. लाजली, असं प्रबोधला वाटलं.

मग शेवटची स्लाइड आली. 'चुकांची राणी.' मोठ्या आकड्यात एकशे एकतीस, खाली सुलेखाताईंचं नाव. आणि प्रबोधने टेबलाखालून सोनेरी प्लास्टिकचा मुकुट काढला.

क्षणभर कुणीच हसलं नाही. मग सुलेखाताई स्वतःच हसल्या, उठल्या, पुढे आल्या आणि मान झुकवून त्यांनी मुकुट घालून घेतला. त्या हसल्या म्हणून बाकीचे हसले. इशिताच्या नवऱ्याने फोटो काढला. जाई उठून बाहेर गेली.

चारच्या सुमाराला सगळे पांगले. वर घरी आल्यावर प्रबोध सोफ्यावर पसरला. "जमलं ना?" त्याने विचारलं. मधुवंती डबे विसळत राहिली. जाई तिच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"बाबा, तू हे का केलंस?"

"काय केलं?"

"झिरो एरर्स. एव्हरीवन नोज ना. मी किती सोडलेत, माझ्या फ्रेंड्सना माहितीये. यू केम फॉर थ्री गेम्स ओन्ली, लाह." रागावली की इथल्या शाळेतलं 'लाह' तिच्या तोंडी यायचं.

"अगं, वहीत एकही नाहीये."

"कारण आंटी स्वतःच्या नावावर लिहितात. फर्स्ट इयरवाल्या सगळ्यांच्या. टीममध्ये सगळ्यांना माहितीये." तिचा आवाज चिरकला. "आणि तू त्यांना क्राउन घातलास."

दार बंद झालं.

प्रबोधने मधुवंतीकडे पाहिलं. ती सिंकशी पाठमोरीच राहिली.

"माझ्याही आहेत त्यात," ती म्हणाली. "पहिल्या वर्षीच्या. सात-आठ तरी असतील."

"तुला माहीत होतं? मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू ती स्लाइड मला दाखवलीस का? विचारलंस तरी का? तू म्हणालास, आकडे खोटं बोलत नाहीत."

"मग तेव्हा कुणी बोललं का नाही?"

"काय बोलायचं होतं? चाळीस माणसांत उभं राहून सांगायचं, की त्या चुका आमच्या आहेत? ताई हसल्या. आम्ही सुटलो." मग ती नळ बंद करून म्हणाली, "मलाही बोलायला हवं होतं."

पिशव्या कोपऱ्यात होत्या. प्रबोधने यंदाची वही काढून मे महिना उघडला. त्याने पाहिलेल्या तीन मॅचपैकी एक तेव्हाची होती. चेंडू सरळ जाईच्या पायांमधून गेला होता, त्याला स्वच्छ आठवत होतं, कारण तो त्या वेळी चरफडला होता. तिसरी इनिंग. वहीत तिसऱ्या इनिंगला एक चूक होती. सुलेखाताईंच्या ओळीत, नीट, वळणदार अक्षरात. ती ओळ त्याने स्वतःच टाइप केली होती. डोळ्यांनी पाहिलेलं आणि हाताने टाइप केलेलं यांची गाठ त्याच्या डोक्यात पडलीच नव्हती.

तो उठला, पिशव्या उचलल्या आणि टॅक्सी करून पासिर रिसला गेला.

दार पद्माकररावांनी उघडलं. एरवी ते "या, या" म्हणत पुढे यायचे. आज नुसतेच बाजूला झाले. सुलेखाताई जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत बसल्या होत्या.

"अरे, वह्या काय, पुढच्या रविवारी आणल्या असत्यास तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "बस."

तो बसला नाही. "ताई, मला माहीत नव्हतं. जाईने आत्ता सांगितलं."

"जाऊ दे रे. मुकुट काय, गंमत होती ती."

"गंमत नव्हती."

त्यांनी हातातली काडी बाजूला ठेवली. "बरं, नव्हती," त्या म्हणाल्या. "मला वाईट वाटलं. नाही म्हटलं तर खोटं होईल. मी तुला स्टेशनवर सांगितलं होतं, तो रकाना सोडून दे. तुला काय वाटलं, मी असं का म्हणाले?"

प्रबोधला खोटं बोलता आलं असतं. विसरलो, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्या उत्तराची वाट बघत होत्या आणि पद्माकररावही दाराशी तसेच उभे होते.

"मला वाटलं, तुम्ही स्वतःच्या चुका लपवताय," तो म्हणाला. हे वाक्य त्या घरात उच्चारताना त्याला स्वतःचीच किळस आली.

"हं," सुलेखाताई म्हणाल्या. "वाटलंच मला."

मग त्यांनी पुन्हा मेथीची जुडी ओढली आणि निवडता निवडता बोलत राहिल्या. "चाळिशीची बाई आयुष्यात पहिल्यांदा हातात ग्लव्ह घालते. पहिल्याच वर्षी नावापुढे दहा चुका दिसल्या की ती परत येत नाही. मी कॉलेजात पाहिलंय, चुकांचे आकडे बोर्डावर लावायचे. माझ्यापेक्षा चांगली होती एक, तिने खेळ सोडला. वही तर खोटी ठेवता येत नाही. चूक झाली ती लिहायलाच हवी, कुणाच्या तरी नावावर. मग माझ्या. मी काही खेळ सोडणार नव्हते."

"मी साळुंक्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहितो. सगळं खरं काय ते सांगतो, माफी मागतो."

"आणि मग? कोणाच्या किती, ते शोधत बसतील सगळ्या. अंजलीचं पहिलं वर्ष, इशिताचं पहिलं वर्ष. पंधरा वर्षं झाकलेलं तू एका मेसेजमध्ये उघडं करणार." त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. "काही लिहायचं नाही. आहे तसं राहू दे."

"मग मी काय करू?"

"माझ्यासाठी काही नको करूस. जाईचं बघ. मी मुकुट घालून उभी होते ना, तेव्हा मला ती दिसत होती. तुला नाही दिसली."

त्याने पिशव्या भिंतीशी ठेवल्या. चहा घेतोस का, असं त्यांनी विचारलं, त्याने नको म्हटलं आणि दोघांनाही ते बरं वाटलं.

पद्माकरराव लिफ्टपर्यंत आले. लिफ्टला वेळ लागत होता. ते समोरच्या दाराकडे बघत म्हणाले, "दुपारी ती बसमधून तो मुकुट घालूनच आली. काढायचं लक्षात राहिलं नाही म्हणाली. एका म्हाताऱ्या चिनी बाईने तिला हॅपी बर्थडे म्हटलं."

प्रबोधने लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं.

"तिने थँक यू म्हटलं," पद्माकरराव म्हणाले. "मी बाजूला बसलो होतो." लिफ्ट आली. "नीट जा."

प्रबोधने ग्रुपवर काही लिहिलं नाही. तेवढंच काय ते त्याच्या हातात होतं. मुकुटाचा फोटो कुणीतरी साळुंक्यांच्या ग्रुपचा डीपी म्हणून लावला आणि तो दोन महिने तिथे राहिला. मधुवंतीचा फोन टेबलावर उजळला की तो दिसायचा. काढायला सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं. २००७ केसभराने जिंकल्याचं लोक त्याला कौतुकाने ऐकवायचे, तेव्हा तो पाणी आणायला उठायचा.

त्याने जाईची माफी मागितली. तिने "इट्स ओके" म्हटलं, शाळेत शिकवल्यासारखं. रविवारी तो बूट घालायला लागला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, नको येऊस." तो गेला नाही. पुढच्या रविवारीही नाही. कॉफीलाही नाही. उरलेला सीझन त्याने घरीच काढला, आणि मायलेकी परत येण्याच्या वेळेला उगाच काहीतरी आवरत बसायचा.

सीझनमधल्या शेवटच्या मॅचच्या दिवशी दोघी उशिरा आल्या. जाईचा गुडघा सोललेला होता. ती स्वयंपाकघरात आईशी बोलत राहिली, कुठल्या इनिंगला काय झालं ते भराभर सांगत होती. प्रबोध हॉलमध्ये बसून ऐकत होता. विचारावंसं खूप वाटत होतं, पण विचारण्याचा आपला हक्क संपलाय असं त्याला वाटलं. थोड्या वेळाने ती बर्फाची पिशवी घेऊन बाहेर आली आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. टीव्ही बंदच होता, तरी तिकडेच बघत म्हणाली, "आज मी दोन सोडले."

"दोन," प्रबोध म्हणाला.

"एक तर खूप इझी होता."

त्याने मान हलवली. बर्फाचं पाणी सोफ्यावर गळत होतं, त्याने उठून टॉवेल आणला आणि तिच्या गुडघ्याखाली ठेवला. तिने पाय मागे घेतला नाही.