टाचेवरचा हात

कंबरवाल्या ताईंच्या हाताला गुण होता, आणि हे त्यांना स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. वडील हाडं बसवायचे. लेक कॉलेजात जाऊन फिजिओथेरपी रीतसर शिकली खरी, पण कमरेला झटका द्यायची हौस वडिलांचीच.

त्या दुपारी शिवणकाम करणाऱ्या काकू टेबलावर आडव्या झाल्या. कमरेतून निघालेली कळ थेट पायाच्या अंगठ्यात उतरायची. तीन आठवडे मशीन बंद होतं.

"आज काय तो सोक्षमोक्ष लावा, ताई. दोन पोरींचं शिक्षण या पायावर आहे."

"लावू की! आधी डोळे मिटा. मी कुठं हात लावते ते सांगा."

"पोटरी... आता घोटा."

ताई फाइलीत लिहायला वळल्या.

"आता टाच धरलीत," काकू म्हणाल्या.

ताईंच्या एका हातात पेन होतं, दुसऱ्यात फाइल.

"काकू, मी नाही हात लावला."

"चेष्टा पुरे! चांगली घट्ट धरलीय. आणि हात केवढा कापतोय तुमचा! जेवला नाहीत का?"

ताईंनी पाहिलं. टाचेच्या कातडीवर पाच बोटांचे खळगे पडले होते. वडिलांचा हात शेवटची दोन वर्षं असाच कापायचा, त्या एका बाईला झटका दिल्यापासून. तिला त्याआधीच लघवीचं कळेनासं झालं होतं. वडिलांनी विचारलं नाही, तिनं लाजेनं सांगितलं नाही, आणि ती पुन्हा कधी उभी राहिली नाही.

आणि आज ताईंनी तरी कुठं विचारलं होतं? गेल्या खेपेला विचारलंय ना, मग झालं!

"काकू, लघवीचं कळतं ना?"

काकूंनी तोंड फिरवलं. "सकाळपासून नाही. बसायची जागाही बधिर झालीय. असलं काय सांगायचं, बाई?"

"उठू नका. मी गाडी बोलावते. हॉस्पिटलात जायचं, आत्ताच्या आत्ता."

"अहो, पण माझा पाय?"

"पायासाठीच!"

संध्याकाळी फोन आला. मणक्यातली गादी नसांवर दाबली गेली होती, ऑपरेशन झालं, काकूंनी अंगठा हलवला. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले.

ताईंनी दार लावलं आणि त्या टेबलावर पालथ्या पडल्या. डोळे मिटून त्यांनी पाय सैल सोडले.

"बाबा," त्या म्हणाल्या, "मलाही एकदा हात लावा ना."

त्या बराच वेळ तशाच पडून राहिल्या. कुणी आलं नाही. मग मात्र त्यांना हुंदका आवरेना.