मीटरची तार

माणसानं साध्या ताटावरून उठावं, मांड्यांच्या ताटावरून उठू नये. माझ्या पोरानं, पंडितनं, तेच केलं. सकाळपासून खापर तापवून मी नऊ मांडे केले, एक शेजारच्या प्रमिलाबाईंना दिला, आणि हा दुधात कुस्करलेला मांडा अर्धाच खाऊन हात धुवायला गेला.

"काय रे, मना हातनं गोड लागत नही का तुले?"

"भूक नही, अक्का."

बत्तीस वर्षांचा घोडा. भूक नाही म्हणे!

मांडे होते गाडीच्या नावानं. आमची डिझेलची पिकअप, तीन लाख किलोमीटर चाललेली. माझे मालक वना यांनी घेतली, ते गेल्यावर पंडित चालवतो. भडगावची भाजी रोज जळगावच्या बाजारात टाकतो. टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा दाराच्या आतून खडूनं लिहायचा आणि पुन्हा भरताना लिटरला किती किलोमीटर पडले ते बघायचं, ही मालकांची रीत. मी दुसरीतून शाळा सोडली, पण आकडे माझ्यापुढे खोटं बोलत नाहीत. चौदा देणारी गाडी दिवाळीनंतर नवावर आली.

गप्प बसणारी मी नव्हे. सरदार मिस्त्रीला बोलावलं. हवेचा फिल्टर बदलला, डिझेलचा बदलला, नोझल तपासून घेतले. चाकांतली हवा दर सोमवारी. गाडी जळगावहून आली की मी चारही चाकांच्या मधोमध तळहात लावायची. जे चाक तापलेलं, त्याचा ब्रेक धरून राहतो. मागचं डावं तापायचं, तेही सोडवून घेतलं. पंडितला तर रोज ऐकवलं, क्लचवरचा पाय काढ, ती तुझ्या आज्याची गादी नाही. सहा महिने असंच चाललं, गाडी नवाची दहा होईना.

आणि काल एकदम चौदा! मी तीनदा ताळा केला. सगळ्या गल्लीला सांगितलं, डॉक्टर लागत नाही, हातात गुण लागतो. आज सकाळी दारातल्या त्या आकड्याला कुंकू लावलं.

मिस्त्रीलाही मांडे खायला बोलावलं होतं. तो आधी गाडीखाली वाकून आला, ओट्यावर बसला, बशी हातात घेतली, पण खाईना.

"खा ना मिस्त्री. तुझाच मान आहे."

"माझा नाही, अक्का. फुकटचा मान गिळवत नाही." त्यानं बशी खाली ठेवली. "गाडी आजारी नव्हतीच. मीटरची तार गिअरबॉक्सला लागते ना, तिथं आज नजर गेली. खाली सगळीकडे बोटबोट काळं, आणि तेवढा नट चकचकीत. सारखा हाताळलेला. तार सोडली की गाडी पळते, डिझेल जळतं, मीटर पळत नाही."

मी पंडितकडे बघितलं. तो खांबाला टेकून उभा होता.

"कोठे जात व्हता रे? बाई ठेवेल शे का?"

"नरडाणाले," तो म्हणाला. "ममताताईकडे."

मिस्त्री उठला, चपला हातातच घेऊन निघून गेला.

ममता माझी थोरली. सहा वर्षांपूर्वी नरडाण्याच्या कंपनीतल्या एका पोराबरोबर जातीबाहेर लग्न करून गेली. त्या दिवशी याच ओट्यावर उभं राहून मी गल्लीला ऐकवलं होतं की वनाच्या गाडीचं चाक तिच्या दाराकडे वळणार नाही. आणखीही एक बोलले होते.

"तिनी किडनी गई, अक्का. दोन्ही." पंडित जमिनीकडे बघत सांगत होता. "आठवडामा दोन डाव तिले धुळाना दवाखानामा लई जात व्हतू, रगत धोवाले. यष्टीमा तिले बसता ये ना."

"मंग आता का बरं जात नही?"

त्यानं गाडीकडे बघितलं. चौदाचा आकडा माझ्या डोळ्यांपुढे आला.

"कधी?"

"आज तेरावं शे."

"माले सांगं नही?"

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"तूच सांगेल व्हतं, अक्का. ती मरी गई तरी माले सांगू नका."

होय, बोलले होते. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

तेराव्याला गोड करतात. माझ्या हातून ते झालंच होतं, आणि त्यानं त्यातलं अर्धं बहिणीच्या नावानं तोंडात घातलं होतं.

"मागे कोन शे तिन्हं?"

"पोर शे, भूमिका. चार वरीसनी."

उरलेले मांडे मी धुतल्या फडक्यात बांधले. गाडीचं दार उघडलं. कुंकवाचा आकडा पदरानं पुसला. लवकर निघेना, थुंकी लावून पुसला. मग वर चढून बसले.

"पहिले तार लाव. हाई वाट मीटरमा पडाले पाहिजे."

"लायेल शे, अक्का," तो म्हणाला. "बारा दिन जयात."

त्यानं गाडी चालू केली. गिअर टाकायला गेलेल्या त्याच्या हातावर मी माझा हात ठेवला.

"तू चोर शे, पंडित," मी म्हटलं. "पन या घरमा तिनी माय तूच व्हता."