मागवून ठेवलेलं औषध

पेशंट व्हायला वर्गातलं एकही पोर तयार होईना. फार्मसी कॉलेजातल्या ताई-दादांनी बाकांवर औषधांचं दुकान मांडलं होतं, बाटल्यांत साखरेच्या गोळ्या भरल्या होत्या, आणि जो तो पांढरा कोट घालून औषध द्यायला टपलेला. शेवटी घंटा देणाऱ्या मावशींनाच खुर्चीत बसवलं. घंटा हाताने देण्याचे दिवस होते ते; मावशींशिवाय शाळेचं पान हलत नसे.

काउंटरवर दुसरीतली चिमुरडी, सगळ्यांची खारूताई. पुढचे दात पडलेले, कोट घोट्यापर्यंत.

“काय होतंय मावशी?”

वर्गात खसखस पिकली. खोकला म्हणा, असं कॉलेजच्या ताईने सांगून ठेवलं होतं. पण मावशींच्या तोंडून भलतंच निघालं. “मला नाही गं, आमच्या ह्यांना. घास जात नाही, बोलत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडलेत.”

डॉक्टरांनी हात टेकून नवऱ्याला घरी पाठवलं होतं, तेवढं त्या बोलल्या नाहीत. कॉलेजची ताई चपापली. खारूताईने मात्र एकेक बाटली उचलून पाहिली. नसलेलं औषध नाही म्हणायचं, भलतं द्यायचं नाही, असं सकाळीच शिकवलं होतं.

“संपलंय. मागवून ठेवते, उद्या या.”

वेडं मन! घरी जाताना मावशींचं पाऊल हलकं पडलं. नवऱ्याच्या उशाशी बसून त्यांनी सांगितलंही, उद्या औषध येतंय बरं का तुमचं. त्याच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा वाटला.

पहाटे सगळं आटोपलं.

घर खायला उठतं म्हणून काही दिवसांनी मावशी कामावर आल्या. घंटा देत, वर्ग झाडत, कुणाशी बोलत नसत. डबा भरलेला आणत, भरलेला नेत. बाईंनी टोकलं तर म्हणत, भूकच मेलीय.

एका मधल्या सुट्टीत खारूताई आली. दप्तराच्या तळातून तिने बाटली काढली. गोळ्यांचा चिकटून गोळा झाला होता.

“कधीचं आलंय. तुम्हीच आला नाहीत.”

मावशी म्हणाल्या, “ते गेले गं, बाळा.”

“माहितीये. पण आता तुम्हीपण जेवत नाही, बोलत नाही. दुखणं तेच ना?”

मावशींनी बाटली हातात घेतली. मग विचारलं, “कसं घ्यायचं?”

“जेवल्यावर. उपाशीपोटी चालत नाही.” आणि ती समोर पायरीवर ठाण मांडून बसली.

मावशींनी डब्याचं झाकण काढलं. पहिला घास तोंडात नुसताच फिरत राहिला. तो गिळेपर्यंत खारूताईने त्यांच्यावरची नजर काढली नाही.