इंजिनाला लावलेली पावडर

“धूर दिसला तशी मी सगळ्यांना खाली उतरवलं,” व्हॅनमावशी तिसऱ्यांदा सांगत होती. “आणि ती बारकी विचारते कशी, मावशी, तुझी गाडी करपली का?”

एरवी मी मोठ्याने हसले असते. माझं हसणं रस्त्याच्या टोकापर्यंत जातं आणि बाबा मला भोंगा म्हणतात, ते उगाच नाही. पण मावशी किल्ली सारखी या हातातून त्या हातात घेत होती. मुलांना शाळेत नेणाऱ्या तिच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटच्या बरोबर खाली. त्याच सीटवर सगळ्यांत लहान मुलं बसतात. ती मागे बसली की एकमेकांचे डबे संपवतात म्हणून मावशीच त्यांना पुढे घेते. शाळा सुटायच्या आत गाडी हवी होती. नाही झाली तर तशीच नेणार होती, वाटेत ओतायला ऑइलचा डबा पायाशी ठेवून.

बाबा मेकॅनिक आहेत. माझ्या शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या गॅरेजात असते. त्या दिवशीही होते आणि मागच्या आठवड्यात बाबांनी याच व्हॅनचं वरचं पॅकिंग बदललं तेव्हाही होते. इंजिनाच्या डोक्यावर लोखंडी झाकण असतं. ते झाकण आणि इंजिन यांच्या फटीत रबराचं पॅकिंग बसतं, तेच ऑइल आत अडवून धरतं. झाकणाची मागची बाजू कुठूनच नीट दिसत नाही. म्हणून बाबा डोळे मिटतात आणि कडेखालून बोट फिरवतात. पॅकिंग कुठे सरकलं असेल, दुमडलं असेल तर बोटाला कळतं. ते बोट फिरवून झालं की आमच्याकडे विषय संपतो. गिऱ्हाईकसुद्धा विचारतं, “मिस्त्री, बोट फिरवलंत ना?”

आता बाबा गाडीखालून सरपटत बाहेर आले आणि म्हणाले, खालचं सील गेलंय. ऑइल तिथूनच टपकतंय. इंजिन उतरवावं लागेल, आज काही होत नाही.

मावशी मटकन स्टुलावर बसली.

मी म्हटलं, टपकतंय तिथूनच गळत असेल कशावरून? वरून ओघळत आलेलं असेल तर? तुम्हीच शिकवलंय ना, आधी धुवायचं, मग पावडर मारायची. बाबा म्हणाले, वरचं मी बघितलंय, भोंगा. पण गेल्या महिन्यात अख्ख्या शाळेसमोर माइकवर बोलल्यापासून मला कोणी गप्प करू शकत नव्हतं. मी डिझेलचा डबा आणि फडकं घेतलं, सीट उचलून मागे टाकली आणि इंजिन घासायला लागले. बाबा मान हलवत हसले आणि दुसरं फडकं घेऊन तेही बसले.

इंजिन कोरडं झाल्यावर आम्ही त्यावर पावडर उडवली, बाळाला लावतात ती. ऑइल कुठूनही आलं तरी पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. मावशी म्हणाली, आता काजळतीटही लावा. जरा बरं वाटलं. मग तिने किल्ली फिरवली.

इंजिन तापू लागलं. मी छोटा आरसा झाकणामागे धरला होता, बाबा इंजिनावर वाकून पलीकडच्या बाजूने खाली बघत होते. आरशात मागच्या कोपऱ्याखाली एक ठिपका दिसला. ठिपका फुगला, सुटला आणि पावडरीतून रेघ ओढत खाली गेला, थेट सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपाकडे.

तेवढ्यात करपल्याचा वास आला.

पेटलं, मला वाटलं. मी आग शोधायला लागले आणि मला बाबांचा डावा हात दिसला. त्या हातावर भार टाकून ते वाकले होते. तो हात पाइपावर होता.

मी त्यांचं मनगट धरून हात ओढला. बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं, काय गं, अशा नजरेने. मग हाताकडे. तळव्याची कातडी पांढरी पडून वर आली होती. ते त्या हाताकडे असे बघत होते, की जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे.

मावशीने गाडी बंद केली आणि ती बर्फ आणायला समोरच्या दुकानात धावली. मी बाबांचा हात नळाखाली धरून ठेवला.

“दुखत नाही?”

“नाही.”

“दुसरा हात?”

मी त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाच्या टोकाला नख रुतवलं. चांगलं जोरात रुतवलं. बाबा माझ्या तोंडाकडेच बघत राहिले.

“थंडीत सुरू झालं,” ते हळूच म्हणाले. “वाटलं, बोटं गारठ्याने बधिर झालीत. ऊन पडलं की येतील ठिकाणावर. आईला सांगू नकोस, मीच सांगतो.”

आता मला आगीचीही भीती नव्हती आणि व्हॅनचीही. मला त्या रेघेची भीती वाटत होती, कारण बाबांनी बोट फिरवलेल्या जागेतूनच ती निघाली होती आणि ते मला सांगावं लागणार होतं. जिभेवर असलेले शब्द गिळून टाकावेत आणि खालचं सीलच म्हणावं, असं मनात येऊन गेलं. पण त्या सीटवर बारकी बसणार होती.

“बाबा, वरून येतंय. मागच्या कोपऱ्यातून.”

त्यांनी उजव्या हाताची बोटं एकमेकांवर घासून बघितली. मग म्हणाले, “नवं पॅकिंग काढ कपाटातून.”

त्यांच्या हाताला ओलं फडकं गुंडाळलं, मावशीने आणलेला बर्फ त्यात घातला. इंजिन निवल्यावर झाकण मी उघडलं. जुनं पॅकिंग मागच्या कोपऱ्यात दुमडून चेपलं होतं. बाबांनी ते उजेडात धरून बघितलं आणि खिशात टाकलं. नवं मी बसवलं. ते माझ्या कानाशी बसून सांगत होते.

“डोळे मीट. बोट कडेखालून ने. दाबू नकोस, नुसतं जाऊ दे.”

माझं बोट निघालं. समोरून सरळ गेलं, वळलं, मागे पोचलं.

“अडतंय,” मी म्हणाले.

“कुठे?”

“कोपऱ्याच्या जरा आधी. केस अडकल्यासारखं.”

“मग काढ. पुन्हा बसव.”

पुन्हा बसवलं. पुन्हा फिरवलं. मग बोल्ट, मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे आवळत. पुन्हा पावडर, पुन्हा आरसा. मावशी घड्याळ बघत होती, मी पांढरा कोपरा. तो पांढराच राहिला.

“सोडायची का गाडी?” बाबांनी विचारलं.

मला वाटलं, मावशीला विचारताहेत. त्यांनी मला विचारलं होतं. आणि माइक न सोडणाऱ्या मला हो म्हणता येईना. माझं बोट खोटं बोललं असेल तर? मी म्हटलं, अजून थोडा वेळ चालू ठेवू. मावशीनेही घाई केली नाही. मी पुन्हा आरसा घातला, पुन्हा घातला.

“सोडा,” मी म्हणाले.

मावशीने सीट खाली पाडली आणि सवयीने विचारलं, “मिस्त्री, बोट फिरवलंत ना?”

“मी नाही,” बाबा म्हणाले. “हिने फिरवलंय.”

मावशीने बाबांच्या फडक्यातल्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. किल्ली फिरवली आणि गेली.

त्यानंतरचा वेळ मी दारात उभी होते. रस्त्यावरून गेलेल्या प्रत्येक गाडीचा वास घेत होते. मुलांना घरोघर सोडून मावशी परत आली तेव्हा ती दार उघडायच्या आधीच मी रस्त्यावर पालथी पडून खाली बघितलं. कोरडं होतं. बारकीने निरोप दिला होता, आज नाही करपली.

घरी आईने रोजच्यासारखी गरम पाण्याची बादली आणि साबण मोरीशी ठेवला होता. रोज काळे हात बाबांचे असतात. आज माझे होते, कोपरापर्यंत. आई काही विचारणार तोच बाबा म्हणाले, सांगतो, बसून सांगतो, आणि बादलीपाशी उकिडवे बसले. पाण्यातून वाफ येत होती. त्यांनी उजवा हात पुढे केला.

“थांबा,” मी म्हणाले.

त्यांचा हात वाफेवर तसाच थांबला. मी आधी माझं बोट पाण्यात बुडवलं, झटकन बाहेर काढलं आणि तांब्याने गार पाणी ओतायला लागले. पुन्हा बोट घालून बघितलं, अजून एक तांब्या ओतला. बाबा हात धरून बसून होते, मी हो म्हणायची वाट बघत.